फ्लॉपीतल्या ओव्या

"काका, स्मरणिकेसाठी तुम्ही काहीतरी लिहाच," असा आपल्या सेक्रेटरींचा महिनाभर तगादा चालू होता. सोसायटीचा पंचवीस वर्षांचा प्रवास अध्यक्षांनी त्यांच्या लेखात मांडला आहेच, तो मी पुन्हा कशाला सांगू? मी एका वेगळ्याच इतिहासाविषयी लिहितो. निमित्त मात्र आपल्या ऑफिसातच मिळाले.

प्रदर्शनासाठी जुनी कागदपत्रे काढायची म्हणून आम्ही तिघे-चौघे ऑफिसचे लोखंडी कपाट उपसत होतो. आय रजिस्टर, जे रजिस्टर, टँकरच्या पावत्यांचे गठ्ठे निघाले. पहिल्या पाच वर्षांच्या इतिवृत्ताच्या वह्या मात्र नव्हत्या. त्या २६ जुलै २००५ च्या पुरात गेल्या. कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांचा कसा लगदा झाला होता, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. सर्वांत वरच्या कप्प्यात, ट्यूबलाइटच्या जुन्या चोकमागे, एक प्लॅस्टिकची डबी सापडली. आत साडेतीन इंची नऊ फ्लॉप्या. लेबलांवर आपल्या पहिल्या खजिनदारांचे सुबक अक्षर : 'मेंटेनन्स २००१-०२', 'सभासद यादी', 'पहिली वार्षिक सभा – इतिवृत्त'.

मदतीला आलेल्या बी विंगमधल्या बारावीच्या मुलाने एक फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली. "आजोबा, यात किती जीबी मावतात?"

म्हटले, "बाळा, जीबीचं नाव काढू नकोस. दीड एमबीसुद्धा मावत नाही."

"म्हणजे माझ्या फोनमधला एक फोटोही नाही मावणार!" तो हसला. पण पुढचा प्रश्न त्याने मुद्द्याचा विचारला. "मग आता हे वाचायचं कशावर?"

हाच प्रश्न मला २००१ साली इंग्लंडमध्ये पडला होता, आणि तेव्हा तो फार जिव्हाळ्याचा होता. ती हकीकत सांगायची तर आधी फ्लॉपीचा थोडा इतिहास सांगायला हवा.

मी काही कॉम्प्युटरवाला नव्हे. बी.कॉम. होऊन १९७३ साली बँकेत चिकटलो तो पेन आणि लेजरच्या जोरावर. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि हळूहळू शाखांमधून लेजर पोस्टिंगची मशिने दिसू लागली. आमच्या शाखेत मशीन आले तेव्हा आम्ही नारळ फोडला, हार घातला, आणि पुढचे सहा महिने विश्वास नाही म्हणून लेजरही हाताने लिहीत राहिलो. दिवसअखेर बॅकअपची फ्लॉपी कॅशबरोबर सेफमध्ये जाई. एकदा ती फ्लॉपी दुसऱ्या बनावटीच्या मशीनमध्ये घालून पाहिली, तर त्याने तिला ओळखही दाखवली नाही. फ्लॉप्यांमध्ये रोटीबेटी व्यवहार नसतो, हे मला तिथे पहिल्यांदा कळले.

फ्लॉपीचा जन्म घरगुती कॉम्प्युटरसाठी झालेला नाही. आयबीएमने १९७१ साली आठ इंची फ्लॉपी आणली ती आपल्या अवाढव्य यंत्रांना सुरुवातीच्या सूचना भरवण्यासाठी. तिच्यात जेमतेम ८० केबी मावत. १९७६ साली शुगार्ट असोसिएट्स या कंपनीने सव्वापाच इंची काढली आणि १९८१ साली सोनीची साडेतीन इंची आली. मधल्या काळात अमेरिकेत आणि इंग्लंडात घरगुती कॉम्प्युटरांची लाट उसळली होती : ॲपल, कमोडोर, अटारी, बीबीसी मायक्रो. यातला बीबीसी मायक्रो आपल्याकडेही आला. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला, त्यात तोच दिला होता. पन्नाशी ओलांडलेल्या काही मंडळींनी त्याच्यासमोर एखादा तास काढलाही असेल.

आठ इंचीच्या काळात जरा शिस्त होती. गॅरी किल्डॉल यांची सीपी/एम ही प्रणाली वापरणारी यंत्रे आयबीएमने घालून दिलेली एक पद्धत सांभाळत : तबकडीवर ७७ वर्तुळे म्हणजे ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकचे २६ तुकडे म्हणजे सेक्टर. लेजरची पाने आणि पानावरच्या ओळी म्हणा. सगळ्यांची पाने-ओळी सारख्या, म्हणून एकाची डिस्क दुसऱ्याला वाचता येई. सव्वापाच इंची आली आणि ही शिस्त मोडली. ऑसबोर्नची पद्धत वेगळी, केप्रोची वेगळी. प्रत्येक कंपनीने आपापली आखणी केली. सीपी/एम वापरणारी यंत्रे एकच बोली बोलत, पण एकमेकांची वही त्यांना वाचता येईना.

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात, दोघा अधिकाऱ्यांकडे एकेक. परक्या यंत्राची फ्लॉपी वाचायला मात्र चार किल्ल्या लागतात.

पहिली किल्ली आकाराची. आठ इंची डिस्क सव्वापाच इंचीच्या फटीत जाणार नाही, हे कोणालाही कळते.

दुसरी किल्ली आखणीची, आणि खरा घोळ इथे आहे. आयबीएम पीसी प्रत्येक ट्रॅकवर सारखेच सेक्टर लिहितो. कमोडोर ६४ चा १५४१ हा ड्राइव्ह बाहेरच्या मोठ्या वर्तुळांवर २१ आणि आतल्या छोट्या वर्तुळांवर १७ सेक्टर लिही. १९८४ चा मॅकिंटॉश वर्तुळ बदलले की तबकडीचा फिरण्याचा वेगच बदली. अमिगा एकेक सेक्टर न लिहिता अख्खा ट्रॅक एका दमात लिही आणि त्याच साडेतीन इंची डिस्कवर ७२० ऐवजी ८८० केबी बसवी. यात कोणी वेडे नव्हते. जागा महाग होती आणि थोड्या जागेत जास्त कोंबण्याची प्रत्येकाची युक्ती वेगळी होती. आपल्याकडे वन रूम किचनमध्ये पोटमाळा काढणारे असतात, तसेच ते. परिणाम असा की अमिगाची फ्लॉपी दिसायला हुबेहूब पीसीची, आत व्यवस्थित सरकेदेखील, पण पीसी विचारी, "ही फॉरमॅट केलेली नाही, करू का?" तिथे घाईने 'हो' म्हटले की संपले. पाटी कोरी.

तिसरी किल्ली अनुक्रमणिकेची. कोणती फाइल कुठल्या ट्रॅकवर आहे, याची यादी डिस्कवर एका ठिकाणी असते. ती जागा आणि लिहिण्याची रीत प्रत्येक प्रणालीची निराळी. इथे अटारी एसटीने शहाणपणा केला होता. त्याची रीत पीसीच्या इतकी जवळची होती की पीसीवर फॉरमॅट केलेली फ्लॉपी दोघांनाही चाले.

चौथी किल्ली फाइलच्या भाषेची. डिस्क वाचली, फाइल मिळाली, पण ती ज्या प्रोग्रॅमने लिहिली तो नसेल तर पडद्यावर नुसती अक्षरांची भेळ. याचे एक गाजलेले उदाहरण आहे. प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ साली अमिगावर काही चित्रे काढली होती. त्या फ्लॉप्या पिट्सबर्गच्या त्यांच्या संग्रहालयात वर्षानुवर्षे पडून होत्या. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या कॉम्प्युटर क्लबच्या मुलांनी त्या वाचल्या आणि २०१४ साली चित्रे जगापुढे आली. डिस्क वाचून झाल्यावरही चित्रे उघडेनात, कारण ती बाजारात न आलेल्या एका प्रोग्रॅममध्ये काढलेली होती. त्या फाइलची भाषा मुलांना स्वतःच उलगडावी लागली.

आता माझी हकीकत.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, १९६९ साली इंग्लंडला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. १९८६ साली त्यांनी ॲमस्ट्रॅड कंपनीचा पीसीडब्ल्यू ८२५६ घेतला. आदल्याच वर्षी तो बाजारात आला होता. किंमत कर सोडून ३९९ पौंड, त्यात हिरवा पडदा, कीबोर्ड, प्रिंटर आणि लोकोस्क्रिप्ट हा लेखनाचा प्रोग्रॅम, सगळे आले. टाइपरायटरच्या पुढची पायरी म्हणून तिकडच्या लेखकांनी, शिक्षकांनी तो भरभरून घेतला. फक्त त्याची डिस्क ना सव्वापाच इंची, ना साडेतीन इंची. हिताची आदी जपानी कंपन्यांनी काढलेली तीन इंची, कडक कवचातली, थोडी लांबट. एका बाजूला १८० केबी. दुसरी बाजू वापरायची तर कॅसेटसारखी उलटी करून घालायची. पुढे जगाने साडेतीन इंची उचलली आणि ही मागे पडली.

१९८७ साली आमची आई सहा महिने दादांकडे राहिली. आईला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. पंढरीच्या, माहेरच्या, भावाच्या, आणि काही तिने स्वतःच जोडलेल्या. दादांनी त्या टाइप करून घ्यायचे ठरवले. गंमत अशी की "सांग" म्हटले की आईला दोनच्या पुढे आठवत नसे. मग तिने एक दिवस डायनिंग टेबलावर मूठ ठेवली आणि जाते ओढल्यासारखा हात गोल फिरवायला लागली. हात फिरू लागला तशा ओव्या येऊ लागल्या. दादा शेजारी बसून टाइप करीत गेले, अर्थात रोमन लिपीत, कारण त्या यंत्राला देवनागरी कुठली? १९८९ साली आई गेली. डिसेंबर २००० मध्ये दादा गेले. मी २००१ च्या मार्चमध्ये व्हीआरएस घेतली आणि जूनमध्ये वहिनींना भेटायला गेलो.

वहिनींनी माळ्यावरून चादरीत गुंडाळलेले यंत्र आणि सात डिस्क काढून दिल्या. तीन बाजूंवर दादांच्या अक्षरात 'आई १', 'आई २', 'आई ३'. यंत्र चालू केले, पडदा हिरवागार झाला, आणि पुढे काही नाही. त्या यंत्राच्या पोटात स्वतःचे काही नसते, डिस्क वाचली तरच ते जागे होते. पुतण्याने उघडून पाहिले तर तबकडी फिरवणारा रबरी पट्टा वयोमानाने सैल होऊन चिकट झाला होता. पंधरा वर्षांत रबराचे दुसरे काय होणार? नवा पट्टा टपालाने मागवला. तो बसवल्यावर डिस्क फिरली तेव्हा वहिनींनी देवापुढे साखर ठेवली.

आता ओव्या पुतण्याच्या पीसीत कशा न्यायच्या? त्या काळी लोक तीन वाटांनी जात. एक, आपल्या ड्राइव्हला परक्याची आखणी शिकवायची. पीसीवर सीपी/एमच्या डिस्क वाचणारा '२२डिस्क' नावाचा प्रोग्रॅम होता, आणि पीसीच्या फ्लॉप्या वाचणारा 'क्रॉसडॉस' पुढे अमिगाबरोबरच मिळू लागला. दोन, जुना ड्राइव्हच नव्या यंत्राला जोडायचा. कमोडोरचा ड्राइव्ह पीसीच्या प्रिंटरच्या खोबणीत जोडणारी केबल हौशी मंडळी घरी बनवीत. तीन, डिस्कच्या भानगडीत न पडता दोन्ही यंत्रे केबलने जोडायची आणि एकाने वाचून दुसऱ्याला सांगायचे. तिसऱ्या वाटेने पहिल्या तीन किल्ल्या लागतच नाहीत, कारण जुनी डिस्क जुन्याच यंत्रात राहते. आम्ही ती धरली.

पीसीडब्ल्यूच्या पाठीला लावायची सीरियल जोडणीची डबी जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली. केबलमध्ये तारा उलटसुलट कराव्या लागतात. साधी केबल लावली तर एकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडाशी येते. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी यायला हवे. हे झाल्यावर दोन्हीकडे वेग सारखा ठरवायचा. लोकोस्क्रिप्टची फाइल आधी साध्या अक्षरांत उतरवून घ्यायची, मग सीपी/एम सुरू करून 'पिप' या आज्ञेने ती केबलवर सोडायची आणि पीसीच्या हायपरटर्मिनलमध्ये झेलायची.

पहिल्या दिवशी आम्ही उत्साहाने ९६०० चा वेग ठेवला. ओव्या धडाधड आल्या, पण मधली अक्षरे गळालेली. समोरचा लिहून घेईपर्यंत सांगणारा पुढे गेला होता. यावरही उपाय होते. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली काढलेली एक्समोडेम नावाची रीत १२८ अक्षरांचे पुडके करते, प्रत्येकाबरोबर बेरजेचा आकडा पाठवते, आणि बेरीज जुळली नाही तर पुडके परत मागवते. नोटांचे बंडल मोजून स्लिपशी ताडून पाहायचे, तसेच. पण तो प्रोग्रॅम दादांच्या यंत्रात नव्हता. मग आम्ही वेग १२०० वर आणला. पूर्ण भरलेली एक बाजू पाठवायला पंचवीस मिनिटे. आणि बँकेची सवय म्हणून मी सांगितले, प्रत्येक फाइल दोनदा पाठवायची आणि पीसीवर दोन्ही प्रती एकमेकींशी ताडून पाहायच्या. फरक आला तर तिसऱ्यांदा. पुतण्या वैतागला, पण ऐकले.

'आई १' आणि 'आई २' पूर्ण आल्या. 'आई ३' चा शेवटचा भाग माळ्यावरच्या ओलीने गेला होता. वीस-बावीस वेळा प्रयत्न केला. काही ओव्या मिळाल्या, काही नाही.

आईच्या सगळ्या ओव्या एका साडेतीन इंची फ्लॉपीत मावल्या. ती शर्टाच्या खिशात ठेवून मी परत आलो. वाटले, काम झाले. ते अर्धेच झाले होते.

दादांनी दीर्घ स्वर दाखवायला अक्षरांवर टोप्या दिल्या होत्या. साध्या अक्षरांत उतरवताना त्या सगळ्या उडाल्या. आता के-ए-एल अशी अक्षरे दिसली तर ते काल, काळ, कळ की कल? एम-ए-एल-ए म्हणजे मला, मळा, माळा की माला? ओवीत चारही बसू शकतात. कुठलाही प्रोग्रॅम हे सांगू शकत नव्हता. सांगू शकली ती आमची अक्का. ती गणपतीला माझ्याकडे आली होती. बी विंगमधल्या शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरून मी छापून आणलेले कागद वाचायचो, आणि ती डोळे मिटून, आईसारखाच हात फिरवीत म्हणून पाहायची. "मळाच. मला नव्हे. आई इथे थांबायची." अशा आम्ही पंधरा संध्याकाळी बसलो. 'आई ३' मधल्या हरवलेल्यांपैकी चार ओव्या तिने आठवणीने भरून दिल्या. बाकीच्या तिलाही आल्या नाहीत. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने खाली हॉलमध्ये काही ओव्या म्हटल्या होत्या, त्या जुन्या भगिनींना आठवत असतील. २००६ साली अक्का गेली. ते कागद मी पाच वर्षे उशिरा आणले असते तर आज माझ्याकडे मळा-मला न कळणारी नुसती रोमन अक्षरे असती.

आता आपल्या डबीकडे येतो. सोनीने २०११ साली फ्लॉपी विकणे बंद केले. जपान सरकारने आपल्या कार्यालयांच्या नियमांतून ती काढली २०२४ साली. तरी यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतो. तो आणून नऊपैकी सात फ्लॉप्या वाचल्या. इतिवृत्ताची फाइल उघडली आणि पडद्यावर पुन्हा अक्षरांची भेळ! युनिकोडचा वापर सर्रास होण्याआधीच्या एका मराठी फाँटमध्ये ती टाइप केलेली होती. चौथी किल्ली म्हणतात ती हीच. तो फाँट कुठला, हे पहिल्या खजिनदारांना फोन करून विचारले. ते आता मुलाकडे नाशिकला असतात, वय ८४. त्यांनी नाव लगेच सांगितले. मग बारावीतल्या त्या मुलाने फाइल युनिकोडमध्ये फिरवून दिली. एका संध्याकाळचे काम.

आणि त्यात काय निघाले? ठराव क्रमांक सात. बिल्डरने पंप न बसवताच हात वर केले होते, तेव्हा अकरा सभासदांनी प्रत्येकी पाच हजार रुपये बिनव्याजी दिले आणि आपल्याला वरच्या टाकीत पाणी मिळाले. त्या अकराही जणांची नावे त्यात आहेत. त्यांतले पाच आज हयात नाहीत. त्यांपैकी एकाच्या सुनेला मी ते वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाबांनी कधी बोलूनही दाखवलं नाही." ही यादी आपण प्रदर्शनात लावतो आहोत.

न वाचलेल्या दोन फ्लॉप्या मी टाकू दिलेल्या नाहीत. हल्ली क्रायोफ्लक्स, ग्रीझवीझल अशी छोटी उपकरणे निघाली आहेत. ती आखणीच्या फंदात पडत नाहीत. डिस्कवरचे चुंबकीय चढउतार जसेच्या तसे टिपून घेतात आणि अर्थ नंतर सॉफ्टवेअरने लावतात. पुतण्या असे एक उपकरण वापरतो. 'आई ३' त्याच्याकडेच आहे, या दोनही मी डिसेंबरात त्याच्याकडे पाठवणार आहे. पाहू या.

तोवर आपणा सर्वांना एक विनंती. घरात जुन्या फ्लॉप्या, सीडी, कॅसेट असतील तर आताच काढा आणि कुठल्या यंत्रावर, कुठल्या प्रोग्रॅममध्ये केल्या ते विचारून लेबलावर लिहा. सोसायटीच्या जुन्या फोटोंचे तीन अल्बम ऑफिसात ठेवले आहेत. त्यांतल्या निम्म्या चेहऱ्यांची नावे मला येत नाहीत. रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे पेन्सिल घेऊन बसतो. ज्येष्ठ सभासदांनी जरूर यावे. लिफ्ट चालू आहे.